तिसरा नळ

घाटकोपर
६ जानेवारी २०२५

बाबा,

पत्राची सुरुवात शाळेत शिकवलेली, तीर्थरूप, शिरसाष्टांग वगैरे, पण कुठे काय लिहायचं ते आता आठवत नाही. तर नुसता नमस्कार. तिथे गावाला आत्याच्या घरात तुमच्या फोनला रेंज नाही म्हणून लिहितेय. आणि लिहिताना मला कोणी मधेच तोडत नाही, ते पण आहे.

मला काम लागलं. साकीनाक्याला निलेशदादा म्हणून एक जण बियरचे नळ बसवतो. हॉटेलात काउंटरवर खांब असतो ना चकचकीत आणि त्याला नळ, ते. आता मोठी लोकं घरात पण बसवून घेतात. खाली फ्रिजमध्ये बियरचं पिंप, बाजूला गॅसचा सिलेंडर. गॅस बियरला ढकलतो, ती नळीतून वर येते, नळाचा दांडा पुढे ओढला की ग्लासात. त्याच्याकडची पोरं सगळी वेल्डिंगवाली, वॉशर-क्लॅम्पचं बारीक काम कोणाला नको. मी म्हटलं मला येतं. म्हणजे बोलले नाही. त्याच्या टेबलावर एक गळका नळ पडलेला, तो खोलला, साफ केला, परत जोडून ठेवला. तो म्हणाला, "तोंड आहे का नाही तुला? उद्यापासून ये."

आई बरी आहे. कारखान्यात तिला आता खाकऱ्याच्या तव्यावरून काढून पॅकिंगला बसवलंय, त्यामुळे हात भाजत नाहीत.

आता कामाचं विचारते. एका घरी तीन नळांचा खांब आहे. दोन नळ स्टीलचे, बाहेरून आणलेले, एकदम झकास. तिसरा साधा पितळी, वरचं पाणी उडून पिवळा पडलाय, त्याच्यातून बियर आली की तोंडात नाणं ठेवल्यासारखी लागते म्हणे. सरांना सगळं अपग्रेड करायचंय. आतली पितळी जोडणी काढून स्टीलची, नवीन नळी, नवीन क्लॅम्प, आणि त्या दोन नळांच्या जोडीचा तिसरा. ते मॉडेल बंद झालंय, निलेशदादा शोधतोय. खांब पण ग्रॅनाइटवर जरा डावीकडे सरकलेला आहे, तो तसाच ठेवू ना?

मी जोडणीला टेफ्लॉनची पांढरी पट्टी गुंडाळली तर दादा सगळ्यांसमोर ओरडला. का ते सांगितलं नाही. आणि फेस खूप येतो, अर्धा ग्लास नुसता फेस. तुम्ही सांगा.

अक्षता

&nbsp;

माणगाव, ता. कुडाळ
१३ जानेवारी

अक्षता बाय,

पत्र मिळालं. आत्याने दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून, मग म्हणाली, दारूचे नळ बसवता गो चेडू! मी म्हटलं नळ तो नळ, आत काय वाहतं ते गिऱ्हाईक बघेल.

टेफ्लॉनचं असं. जिथे आट्याने पाणी अडवायचं तिथे टेफ्लॉन. जिथे वॉशरने अडवायचं तिथे नाही. बियरच्या जोडणीत आत वॉशर असतो, तोच काम करतो. वरून टेफ्लॉन गुंडाळला की नट पूर्ण बसत नाही, वॉशर दाबला जात नाही, आणि गळतं. सगळे पाण्याचे प्लंबर हीच चूक करतात. मी पण केलेली.

फेस. आपण पाण्याच्या लाईनीत प्रेशर मिळावं म्हणून मरतो. इथे उलटं, प्रेशर मारायचं. नळी आखूड असली की बियर धावत येते आणि नळाच्या तोंडाशी आपटते, तो फेस. दहा फूट बारीक नळी घे, फ्रिजमध्येच गोल गुंडाळून ठेव, म्हणजे थंडही राहते. गॅस कमी करून बघू नको, मग बियर मरते, सपक लागते.

स्टीलचे नळ तोंडाशी बंद होतात. आत काही सुकत नाही म्हणून दांडा चिकटत नाही. पितळी मागे बंद होतो, पुढच्या भागात बियर सुकून गोंद होते. तो काढ आणि फेक.

आता दुसरं. दोन स्टीलचे, एक पितळी, आणि ग्रॅनाइटवर डावीकडे सरकलेला खांब. ते भोक मी पाडलेलं. खाली फ्रिजची बिजागरी आडवी येत होती म्हणून दीड इंच डावीकडे घेतलं.

माका सगळा कळला. खरा सांग, तू चौदाव्या मजल्यावर जातेस?

बाबा

&nbsp;

घाटकोपर
२० जानेवारी

बाबा,

हो. पवईला, चौदाशे दोन. सर्वेश सरांकडे.

आणि चुकून नाही गेले. निलेशदादा त्यांच्याकडे मेंटेनन्स करतो हे मला आधी कळलं, मग मी त्याच्याकडे काम मागितलं. दोन वर्षं मी हेच करतेय, कोण त्या बिल्डिंगमध्ये जातं ते शोधतेय. आधी एका कपडे धुणाऱ्याकडे लागले, पण त्याला खालूनच कपडे देतात. मग एका फुलवालीकडे. मग हे सापडलं. पासवर दादाने नुसतं अक्षता लिहिलंय, आडनाव कोणी विचारलं नाही.

तुम्हाला आत्याने सांगितलं असेल की गेटवरचा तुमचा तो फोटो काढला. नाही काढला. मागच्या गेटवर, जिथून कामवाले आत जातात, तिथे केबिनच्या भिंतीवर अजून आहे. लॅमिनेशन करून चिकटवलाय. तुमचा निळा शर्ट, डोळे अर्धे मिटलेले, आणि खाली लिहिलंय, दत्ताराम प्लंबर, चोरी, प्रवेश बंद. रोज सकाळी मी त्याच्या खाली उभी राहून रजिस्टरमध्ये सही करते. अंबादास वॉचमन एकदा म्हणाला, "ह्याला ओळखतेस काय? रोज बघतेस." मी मान हलवली, नाही म्हणून. तुम्हाला नाही म्हटलं बाबा. त्या दिवशी डबा खाल्ला नाही.

त्या एका नळासाठी. नळासाठी! तुम्ही घरी येऊन काहीच बोलला नाहीत. मला सगळं शाळेत कळलं, बाजूच्या बाकावरच्या मुलीच्या आईच्या मोबाईलवर तो फोटो आलेला. तेव्हापासून मी शाळेत गेले नाही, आणि तुम्ही कौलं बदलायला गावी गेलात ते अजून कौलंच बदलताय.

तर माझं ठरलंय. १५ फेब्रुवारीला सरांच्या चाळीसाव्या वाढदिवसाची पार्टी आहे. तुम्हाला चोर ठरवलं तेव्हा लॉबीत जी जी लोकं उभी होती तीच येणार, सोसायटीची कमिटी, वरचे खालचे. सर महिनाभर सांगत फिरतायत, माझ्याकडे पबसारखी बियर मिळेल. मी गॅसच्या जोडणीत अर्धा कापलेला वॉशर टाकणार. हळूहळू गळून पार्टीच्या वेळी सिलेंडर रिकामा. आणि बियरची नळी दोन फुटाची ठेवणार. आधी नुसता फेस, मग काहीच नाही. सगळ्यांसमोर त्यांचं तोंड बघायचंय मला.

आईला सांगू नका.

अक्षता

&nbsp;

माणगाव
२७ जानेवारी

अक्षता बाय,

मी रागावलो असं वाटत असेल तर तसं नाही. रागावलो ते वेगळ्या कारणासाठी. तुझं काम कच्चं आहे.

फेस काय, बर्फ कमी पडला तरी येतो. तो म्हणेल दुकानदाराने खराब पिंप दिलं, बाटल्या मागवेल, लोकं हसून बाटल्या पितील. कोणाला कळणार की हा दत्ताराम परबाचा फेस होता? नाव कळणार नाही तो सूड कसला? मच्छर चावून जातो तसं.

आणि वॉशर कापायचा नाही. त्या गॅसला वास नाही. बारच्या मागची खोली त्याच्या आईची, मालनबाईंची. दार लावून झोपली आणि गॅस खाली साठला तर ती उठायची नाही. त्याने मला बदनाम केलं, पण खरा गुन्हेगार केलं नव्हतं. तू करशील.

तुला वाटतं मी विसरलो. मला रोज आठवतं. ऐक, तुला कधी सांगितलं नाही. तीन नळ होते, खोक्यात. मी दोन बसवले, तिसरा ओट्यावर ठेवला आणि पॅसेजमध्ये डबा खायला गेलो. त्यांच्या घरात खायला परवानगी नव्हती. परत आलो तर खोक्यासकट नळ नाही. मीच त्याला जाऊन सांगितलं, साहेब, तिसरा दिसत नाही. मी स्वतः सांगितलं! चोर असं सांगतो काय? त्याने पिशवी उलटी करायला लावली. नाही मिळाला. मग खाली लॉबीत नेलं आणि शर्ट काढ म्हणाला. माझा आतला गंजी पाठीवर फाटलेला होता. पुढून दिसत नव्हता, म्हणून मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, तर म्हणाला, "वळ, वळ, पाठ दाखव." वीसेक लोकं होती. एक जण हसला. चौकीत मला कोणी हातपण लावला नाही, तीन तासांनी सोडलं. पण तो गंजी मला अजून दिसतो. तुझ्या आईने तो फेकायचा म्हणून दोनदा बाहेर काढलेला आणि मीच म्हटलेलं, चालतो अजून.

एक गोष्ट लक्षात ठेव. मी कुठलाही सेट बसवताना कॉलरच्या आतल्या बाजूला कानशीने खुणा करतो, म्हणजे खोलल्यावर अदलाबदल होत नाही. पहिल्याला एक चर, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. त्या नळांना पण केलेल्या. त्या दोघांच्या बघ. आहेत का सांग.

बाबा

&nbsp;

घाटकोपर
३ फेब्रुवारी

बाबा,

घाईत लिहितेय, अक्षर समजून घ्या.

खुणा आहेत. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. आणि तिसरा नळ मला सापडला.

शनिवारी दुपारी नवीन नळी घेऊन गेले. उन्हात चालत आलेले, घसा सुकला. केबिनच्या बाजूला ड्रायव्हर लोकांसाठी पाण्याचं स्टीलचं पिंप आहे. मी कधी पीत नव्हते कारण ते फोटोच्या बरोब्बर खाली आहे. त्या दिवशी प्यायले. नळ फिरवायला गेले तर फिरेना. एक ड्रायव्हर म्हणाला, "फिरवायचा नाही, ओढायचा, येडा नळ आहे तो." दांड्यावर कोणीतरी लाकडी लाटणं तोडून त्याचा तुकडा ठोकलाय. मी ओढला. पाणी आलं, एकदम गुळगुळीत, एक थेंब इकडेतिकडे नाही. आणि माझ्या हाताला कळलं बाबा, डोक्याला कळायच्या आधी. महिनाभर रोज तोच दांडा ओढतेय वरती. खाली वाकून कॉलरच्या आत नख फिरवलं. एक, दोन, तीन.

पिंपावर लिहिलंय, कै. चंद्रप्रकाश यांच्या स्मरणार्थ, फ्लॅट १४०२. सर्वेश सरांचे वडील. अंबादास म्हणाला, "आजींनी दिलंय. दोन वर्षं झाली. वर्षश्राद्धाला दिलं, नळ पण त्यांनीच दिला, मी बसवून घेतला. चांगल्या आहेत हो आजी."

दोन वर्षं! सर गाडीने खालच्या पार्किंगमधून जातात-येतात, त्यांनी मागचं गेट बघितलंच नसेल कधी. आणि सगळे ड्रायव्हर, कामवाल्या, अंबादास, सगळे त्या नळाचं पाणी पितात आणि वर तुमचा फोटो बघतात.

वर गेले. आजी एकट्याच होत्या, पूजेची भांडी घासत. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. मला बोलता येईना, नेहमीसारखंच. शेवटी पक्कड खाली ठेवली आणि म्हटलं, "पिंपाचा नळ." एवढंच. त्यांच्या हातातलं ताम्हन खाली पडलं.

म्हणाल्या, "तू कोण गं?"

म्हटलं, "दत्तारामची मुलगी."

मग त्या खाली बसल्या. म्हणाल्या, त्या दिवशी पिंप यायचं होतं, दुकानदाराने नळ दिला नव्हता. ओट्यावर खोक्यात चांगला नळ दिसला, ह्याच्या बारचे दोन तर लागलेत, हा जास्तीचा असेल असं वाटलं. उचलला, ड्रायव्हरबरोबर खाली पाठवला. दारूच्या कामापेक्षा पाण्याच्या कामाला लागेल, पुण्य लागेल. "मग सर्वेश ओरडायला लागला, चोरी, चोरी. त्याचा राग तुला माहीत नाही. मी म्हटलं थोड्या वेळाने सांगते. मग खाली गेले तर एवढी माणसं. मग कसं सांगायचं?"

मी म्हटलं, "दोन वर्षं?"

तर त्या रडायला लागल्या. मला रडू आलं नाही, मला ते ताम्हन उचलून आपटावंसं वाटलं. मग हात धरून म्हणाल्या, "सर्वेशला सांगू नको. नवऱ्याच्या नावाचं पिंप आहे ते. मी सेक्रेटरीला सांगून फोटो काढायला लावते, आठवड्याभरात, गुपचूप. कोणाला काही कळायचं नाही. तुझ्या वडिलांना परत कामावर पण घेतील."

बाबा, फोटो निघेल. मला तेच तर हवं होतं. रोज सकाळी त्याच्या खाली सही करायला लागणार नाही. मी हो म्हणू? लवकर सांगा, पार्टीला बारा दिवस राहिले.

अक्षता

&nbsp;

माणगाव
९ फेब्रुवारी

अक्षता,

हे पत्र पोस्टाने वेळेत येणार नाही म्हणून खासगी बसच्या सीतारामच्या हातात देतोय. तो सकाळी घाटकोपरला उतरला की घरी आणून देईल. त्याला चहा दे.

नाही म्हण.

गुपचूप काढलेला फोटो म्हणजे माफ केलेला चोर. लोकं म्हणतील, जाऊ दे, गरीब होता, झालं गेलं. मला माफी नको त्यांची. मी काय केलंय की मला माफ करणार?

आणि ती बाई. त्या दिवशी सकाळी तिने मला चहा दिलेला, आलं घालून. मग लॉबीत मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो तेव्हा मान वळवून बघितलं, तर लिफ्टच्या दारात ती उभी. पदर तोंडाला लावलेला. मला वाटलं, हिला एकटीला तरी दया येतेय. दोन वर्षं मी त्या बाईला मनात चांगलं म्हणत होतो, गो! सगळ्यांना शिव्या घातल्या, तिला नाही. आता कळलं पदर कशाला लावला होता.

आता नीट ऐक. काम असं कर की वाईटातल्या वाईट माणसाला खोट काढता येऊ नये. नळी दहा फूट. सगळे वॉशर नवीन. साबणाचं पाणी लावून गॅसची प्रत्येक जोडणी तपास, बुडबुडा दिसता कामा नये. दोन नळांतून बियर अशी आली पाहिजे की बघणाऱ्याने जीभ फिरवावी. मग त्याला तिसरा पाहिजेच होईल. माणूस दोन चांगले मिळाले की गप्प बसत नाही.

तिसरी जागा मोकळी ठेव. पितळी काढ, बूच मार. निलेशला जोडीचा मिळत नाही हे खरंच आहे. लोकं जमू दे. तो विचारेल. विचारल्याशिवाय बोलू नको. विचारलं की सांग, तिसरा सापडलाय. बाकी त्याचे पाय त्याला घेऊन जातील.

फोटो वॉचमनने काढायचा नाही. तुझ्या तोंडातून तेवढं एक आलं पाहिजे. घरात आरशासमोर बोलून बघ.

नळ काढशील तेव्हा पिंपाला दुसरा लाव. ड्रायव्हर लोकांनी काय केलंय?

बाबा

&nbsp;

घाटकोपर
१७ फेब्रुवारी

बाबा,

झालं.

सगळं सांगते, पण मला जसं आठवतं तसं.

शुक्रवारी काम संपवलं. साबणाचं पाणी दोनदा लावलं. निलेशदादाने स्वतः एक ग्लास भरला, वर दोन बोटं फेस, खाली सोन्यासारखी. म्हणाला, "आईशप्पथ, हे माझ्या पोरांना पण जमत नाही." तिसऱ्या जागी बूच.

आजींना मी काही उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी दोन-तीनदा मला खुणेने विचारलं, मी वॉशर बघत राहिले. त्यांना वाटलं असेल मी हो म्हणाले. वाटू दे म्हटलं.

शनिवारी दादाला सांगितलं, पार्टीत काही गळलं तर मी थांबते. तो खूश. मी बारच्या मागे स्टुलावर बसून. आठ वाजता लोकं आली. ग्लास भरायला लागले आणि सगळे, काय रे सर्वेश, अरे हा तर पब आहे. सर नुसते फुगत होते. मग एक टकलू माणूस, कमिटीचा, त्याने बुचाला टिचकी मारली. "और ये तीसरा? दात पडला काय?" सगळे हसले.

सर म्हणाले, "अरे, तोच तो, चोरीला गेलेला. आठवतं ना, तो प्लंबर? जोडीचा मिळतच नाही आता."

"हां हां, तो फाटक्या गंजीवाला!" बाबा, हे मला लिहायचं नव्हतं. पण तुम्ही म्हणालात ना, रोज आठवतं. त्यांना पण आठवतं. तेवढंच आठवतं.

मग सरांनी मला विचारलं, सगळ्यांसमोर, "काय गं, तुझ्या निलेशला मिळाला का तिसरा?"

आरशासमोर मी चाळीस वेळा बोललेले. तिथे काहीच आठवेना. मग मी म्हटलं, "मिळाला. खाली आहे."

"खाली कुठे? घेऊन ये ना."

"तुम्ही या."

सर हसले, म्हणाले, "सरप्राइज आहे वाटतं." हातात ग्लास तसाच घेऊन निघाले. टकलू आला, सरांच्या मिसेस रुचिरा मॅडम आल्या, आणखी सात-आठ जण, सगळे ग्लास घेऊन, हॅपी बर्थडे म्हणत. लिफ्टमध्ये मी कोपऱ्यात. आजी हॉलमध्ये खुर्चीवर होत्या, त्यांनी मला लिफ्टकडे जाताना बघितलं आणि उठायला लागल्या. दार बंद झालं.

मागच्या गेटला गेलो. सर म्हणाले, "इथे काय आहे?" मी पिंपाचा दांडा ओढला. पाणी आलं, माझ्या चपलेवर. मग पाना घेतला, कॉलर सोडवली, नळ काढला, पाणी वाहू नये म्हणून भोकात बूच मारलं आणि नळ उलटा करून त्यांच्या हातात दिला. वरचे दोन मी पुसताना खुणा दाखवल्या होत्या त्यांना, एक चर, दोन चर, त्यांनीच विचारलेलं हे काय आहे. त्यांनी बॅटरी लावून बघितलं. तीन.

टकलूने पण वाकून मोजलं. मग रुचिरा मॅडम म्हणाल्या, "सर्वेश, हाच आहे हा."

सर म्हणाले, "हा इथे कोणी लावला?" अंबादासवर ओरडले, "तू लावलास?"

अंबादास घाबरला, त्याने नुसतं पिंपाकडे बोट केलं. मग सगळ्यांनी वाचलं. सरांनी पण वाचलं, मोठ्याने, अर्धवट, "कै. चंद्रप्रकाश..." आणि थांबले. त्यांच्या वडिलांचं नाव बाबा, त्यांच्याच तोंडून. मी काहीच सांगितलं नाही. मला सांगायची गरजच पडली नाही. टकलू दुसरीकडे बघायला लागला.

मग सर हसायला बघत होते. "ओके, ओके. मिसअंडरस्टँडिंग. आईला पण ना... ए, तो फोटो काढ रे." अंबादास पुढे आला.

आणि तेव्हा आलं. मला माहीत नाही कुठून आलं. म्हटलं, "तुम्ही काढा."

"काय?"

"तुम्ही लावलात. तुम्ही काढा. त्याची मुलगी आहे मी."

ते माझ्याकडे बघत राहिले. दीड महिना त्यांच्या घरात होते मी, पहिल्यांदा बघितलं. मग मागे बघितलं, सगळे बघत होते. ग्लास कुठे ठेवायचा ते कळेना, शेवटी पिंपावर ठेवला. फोटो चारी बाजूंनी चिकटपट्टीने आणि मागून फेविकॉलने चिकटवलेला होता, पावसाने उडू नये म्हणून. नखाने खरवडायला लागले. एक पट्टी निघाली की दुसरी फाटायची. अंबादास पट्टी कापायची सुरी घेऊन आला, मी त्याच्याकडे बघितलं, त्याने ती परत खिशात घातली. सर पिंपावर ओणवे होऊन, टाचा उंचावून खरवडत होते, पार्टीचा पांढरा शर्ट भिंतीला घासत होता. खूप वेळ लागला. कोणी मदतीला आलं नाही, कोणी वर पण गेलं नाही.

मधेच आजी आल्या, जिन्याने नाही, सामानाच्या लिफ्टने. धापा टाकत. सरांनी मान वर करून आईकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी बघितलं. आजींनी माझ्याकडे बघितलं. तुम्हाला वाटेल मला वाईट वाटलं. नाही वाटलं. खोटं कशाला लिहू.

पिंपाला मी नवीन साधा नळ लावला, पितळी, फिरवायचा. तपासला. गळत नाही. मग सही करून निघाले.

निलेशदादाने आज सकाळी विचारलं, तू हे ठरवून माझ्याकडे आलीस? मी हो म्हटलं. वाटलं काढून टाकेल. त्याने डायरी काढून पानं उलटली, मग म्हणाला, "मुलुंडला एक काम आहे, चार नळांचं. बुधवारी जा."

तुमचा राग गेला का? माझा पूर्ण नाही गेला. वाटलेलं जाईल.

अक्षता

&nbsp;

माणगाव
२५ फेब्रुवारी

अक्षता बाय,

तुझं पत्र आत्याला वाचून दाखवताना "तुम्ही काढा" इथे मला थांबावं लागलं. मग आत्यानेच हातातून घेतलं आणि पुढचं अडखळत वाचलं.

काल कुडाळच्या बाजारात गेलो होतो, खत आणायला. दुकानात बसलो होतो तेवढ्यात माझा फोन वाजला. निलेशकडून नंबर घेतला म्हणे. सर्वेश. पहिल्यांदा आवाज ओळखला नाही, लहान झालेला.

म्हणाला, "दत्ताराम, ते जे झालं, त्याबद्दल सॉरी."

मी म्हटलं, ऐकू येत नाही, बाजारात आहे.

तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने. मी म्हटलं, आवाज कट होतोय, काय बोललात? फोन स्पीकरवर टाकला. दुकानदार, दोन हमाल, पोती घ्यायला आलेले चार जण, सगळे वळून बघायला लागले. म्हटलं, बघा.

तिसऱ्यांदा तो ओरडलाच. "मी चुकलो, दत्ताराम! तू चोरी केली नव्हतीस! मी सगळ्यांसमोर तुला..." आणि पुढचं त्याला बोलवेना. त्याच्या मागे पण आवाज येत होते, ऑफिसातून बोलत होता वाटतं. तिथले आवाज एकदम बंद झाले.

मी म्हटलं, "सगळ्यांसमोर काय? ते पण बोला."

मग त्याने सांगितलं काय केलं ते. शर्टाचं पण सांगितलं. एक हमाल मान खाली घालून ऐकत होता.

मग म्हणाला, तिसरा नळ आता मिळालाय, तुम्ही स्वतः येऊन बसवाल का, मला बरं वाटेल. मी म्हटलं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी कुडाळवरून येऊ? ते काम माझी मुलगी करते. तिला विचारा. ती नाही म्हणाली तर मला पुन्हा फोन करू नका, मी तिचं ऐकतो.

तर तो तुला विचारेल. मी काही सांगणार नाही, तुला हवं ते सांग. फक्त हळू सांगू नको.

बाबा